जुनी डिझेल मिनीबस-कॅरॅव्हॅन: सेल्फ (स्टार्टर) ओढत नाही, घाटात टेम्परेचर चढतं, आतले दिवे मंद. सुरुवात कुठून करू?

पैठण_गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सतरा सीटर मिनीबसवर बांधलेली जुनी कॅरॅव्हॅन आहे. इंजिन साधं डिझेल, कॉमन रेल नाही, सगळं १२ व्होल्टवर. आधीच्या मालकानं मागच्या सीटा काढून दोन पलंग, छोटा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि पंप बसवला. आतल्या दिव्यांसाठी १५० ॲम्पिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी वेगळी आहे, टपावर एक सोलर पॅनल.

पावसाळाभर गाडी शेतातल्या शेडमध्ये उभी होती. अश्विनी पौर्णिमेची गर्दी ओसरली की आईला घेऊन तुळजापूरला जायचंय. रस्ता गेवराई, बीड, मांजरसुंबा, धाराशिव. म्हणजे मांजरसुंब्याचा घाट आलाच.

तक्रारी अशा. सेल्फ मारला की "टक्" होतो, कधी दमल्यासारखा फिरतो, कधी फिरतच नाही. गाडी पंधरवडा उभी राहिली की बॅटरी उतरते. हेडलाईट लावले की टेम्परेचरचा काटा वर सरकतो, आणि घाटात तर लाल पट्ट्याच्या जवळ जातो. पाण्याचा पंप चालू केला की आतले दिवे मंदावतात, आणि दिवसभर गाडी चालवूनही आतली बॅटरी भरत नाही.

एका मिस्त्रीनं सेल्फ नवा टाका म्हटलं, दुसऱ्यानं बॅटरी. दोन्ही टाकायची तयारी आहे, पण त्यानं काम होईल याची खात्री वाटत नाही. कुठून धरू?

बालाघाट_डिझेल

दादा, पैसे काढायच्या आधी साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. काही शंभर रुपयांत मिळतो, आणि जुन्या गाडीत पान्यांच्या सेटइतकाच लागतो.

गाडी रात्रभर उभी ठेवा, सोलरची वायर काढून ठेवा, सकाळी काही चालू न करता बॅटरीवर मीटर लावा. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर रिकामीच समजा, आणि आधी चार्ज करून मगच पुढची तपासणी करा. अर्धवट बॅटरीवर घेतलेलं कुठलंही रीडिंग फसवतं.

मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि बॅटरीच्या खांबांवरच व्होल्टेज बघा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी थकली. १०.५ च्या वर राहिलं आणि तरीही सेल्फ ओढत नसेल तर बॅटरीवाल्याकडे जाऊच नका. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ यायला हवेत. त्यापेक्षा कमी आले तर डायनमोचा पट्टा, वायर, रेग्युलेटर, या क्रमानं बघा.

आणि आपल्याकडच्या उन्हाचा विचार करा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीच्या बॅटरीचं पाणी झपाट्यानं आटतं आणि प्लेटाही लवकर गंजतात. पाणी टाकायचं ते डिस्टिल्डच. बोअरचं पाणी बॅटरीत गेलं की क्षारांनी प्लेटा खराब होतात, मग ती कितीही चार्ज करा.

लातूरकर_भाऊ

सेल्फ खोलू नका भाऊ एवढ्यात. आमच्याकडं औशाच्या रोडला असंच एक टेम्पो घेऊन पोरं फिरूलाले होते. दोनदा सेल्फ भरून आणला, आर्मेचर नवं, कार्बन नवे. शेवटी काय तर इंजिनची अर्थ पट्टी गंजलेली. आधी ती बघा.

चिकलठाणा_काका

लातूरकरांनी बरोबर जागा दाखवली. मी एसटीच्या चिकलठाणा वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिकल सेक्शनला होतो, म्हणून नीट सांगतो.

बॅटरीचा मायनस चॅसीला जोडलेला असतो. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चॅसीशी त्याचा धातूचा संबंध नाही. तो संबंध जोडते एक तांब्याची विणलेली पट्टी. सेल्फ फिरताना डिझेल इंजिनला दोनशे ॲम्पिअरच्या पुढे करंट लागतो आणि तो सगळा या पट्टीतून परत येतो. पट्टीच्या टोकाखाली गंज बसून फक्त एक शतांश ओहमचा अडथळा वाढला, तरी दोनशे ॲम्पिअरला दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. बारा-तेरा वॉटचा दिवा त्याच पट्टीवर झकास लागेल, टेस्ट लॅम्पनं काहीच कळणार नाही. म्हणून लोक सेल्फ बदलतात.

तपासणी अशी. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर धरा, वरच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या कडीवर) नाही. लाल पिन इंजिन ब्लॉकच्या खरवडून चकचकीत केलेल्या जागेवर. आता सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. त्याहून जास्त असेल तर दोष तिथेच. मग असंच प्लसच्या बाजूनं: लाल पिन प्लसच्या खांबावर, काळी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. इथे ०.५ पर्यंत चालेल. ही मापं करंट वाहत असतानाच घ्यायची. बंद गाडीत ओहमवर मीटर लावून मोटारीच्या जाड वायरी तपासता येत नाहीत.

आणखी एक खूण सांगतो. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल हाताला गरम लागते का बघा. अर्थ पट्टी तुटली की करंट परतीचा रस्ता त्या केबलच्या तारेतून शोधतो. वेळेवर ध्यान दिलं नाही तर केबल आतून जळून अडकते, आणि चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर अडकणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

पैठण_गोदाकाठ

काका, बालाघाट, लातूरकर, मनापासून आभार. मीटर आणला. रीडिंग देतो.

सकाळी बॅटरी १२.५८. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर १०.९. मायनस खांब ते इंजिन ब्लॉक १.८. प्लस खांब ते सेल्फचा बोल्ट ०.३. सेल्फच्या बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत ८.८.

क्लचची केबल कोमट लागली, हे खरं.

चिकलठाणा_काका

हिशेब जुळतो. १०.९ मधून १.८ आणि ०.३ वजा केले की ८.८ उरतात. बॅटरी चांगली, सेल्फही बहुतेक चांगला. १.८ व्होल्ट अर्थ खातोय.

खात्री करायला जंपर केबलची काळी तार बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या उचलायच्या हुकाला लावा आणि सेल्फ मारा. खणखणीत फिरला की शंका संपली.

पट्टी बाजारात तयार मिळते. नाहीतर ३५ किंवा ५० चौरस मिमीची तांब्याची वायर घ्या, टोकांना थिंबल दाबून बसवून घ्या, नुसतं वळवून नटाखाली दाबू नका. चॅसीवर जिथे बसवाल तिथला रंग पॉलिश पेपरनं पूर्ण काढा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा, वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. रंगावर बसवलेला अर्थ एक पावसाळा काढतो आणि पुन्हा तुम्ही इथे विचारायला येता. डॅशबोर्डचा अर्थही त्याच दिवशी काढून साफ करा. हेडलाईट लावल्यावर टेम्परेचरचा काटा सरकतो म्हणताय ना, पाणी काही हेडलाईटनं तापत नाही. तो काटा अर्थमधला दोष दाखवतोय.

गंगाखेडची_सौरताई

आतल्या वायरिंगचं माझ्याकडे. मी शेतातले सोलर पंप आणि घरगुती सिस्टिम बसवते. कॅरॅव्हॅनमध्ये सगळ्यात जास्त हयगय इथेच दिसते, कारण घराचा वायरमन २३० व्होल्टच्या सवयीनं १२ व्होल्टची वायर निवडतो.

दादा, डायनमोपासून आतल्या बॅटरीपर्यंतची वायर किती जाड आहे ते बघा. धरून चला, ती ४ चौरस मिमीची आहे आणि अंतर सहा मीटर. जाऊन-येऊन बारा मीटर तांबं. एक चौरस मिमी तांब्याच्या एका मीटरला साधारण ०.०१७५ ओहम. म्हणजे या वायरीचा अडथळा ०.०५ ओहमच्या थोडा वर, आणि २० ॲम्पिअरला एक व्होल्टच्या वर घट. डायनमोवर १४.२ असले तरी बॅटरीला १३.१ मिळतात. ट्युब्युलर बॅटरी एवढ्यावर कधीच पूर्ण भरत नाही. वायर १६ चौरस मिमीची केली की हीच घट पाव व्होल्टवर येते.

दोन्ही बॅटऱ्यांमध्ये रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) आहे की थेट जोडल्यात, हेही बघा. थेट असतील तर रात्री पंखा चालवल्यावर सकाळी सेल्फची बॅटरीही उतरलेली असणार. आणि फ्यूज! प्रत्येक बॅटरीच्या प्लसजवळ, हातभर अंतराच्या आत. या वायरीला दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून दोन्ही टोकांना फ्यूज लागतो. मधे कुठे वायर पत्र्याला घासली तर फ्यूजशिवाय ती लाल होऊन पलंगाच्या प्लायवूडला आग लावते. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच.

पंप लावला की दिवे मंद, याचं कारणही हेच. पंप आणि दिवे एकाच बारीक अर्थवर असतील. पंपाला वेगळी जोडी ओढा.

बालाघाट_डिझेल

उभ्या गाडीत बॅटरी उतरते त्याबद्दल. सगळं बंद करा, मायनसची तार काढा, तार आणि खांब यांच्यात मीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ०.०५ ॲम्पिअरच्या आत असेल तर ठीक. ०.३ दिसले तर दिवसाला सात ॲम्पिअर-अवर जातात, ८० ची बॅटरी दीड आठवड्यात संपते. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला, चोर त्या लाईनवर आहे. जुनी टेप, जास्तीचा हॉर्न, मागे नंतर लावलेला कॅमेरा, हे नेहमीचे.

शेडमध्ये उभी होती म्हणता, तर उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा. ऊस जवळ असला की हमखास.

पैठण_गोदाकाठ

नवी पट्टी टाकली. आता मायनस खांब ते ब्लॉक ०.१२. सेल्फ पहिल्याच झटक्यात उचलतो. हेडलाईट लावल्यावर टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही. सेल्फचे आणि बॅटरीचे दोन्ही खर्च वाचले, काका, तुमचे कसे आभार मानू.

बॅटरी उतरायचं कारण जुनी टेप निघाली, ०.२८. ताई, आतली वायर ४ चौरस मिमीचीच आहे, नवी १६ ची मागवली आणि रिलेही.

पण टेम्परेचर सुटलेलं नाही. कन्नडच्या औट्रम घाटात नेऊन पाहिली. चाळीसगावहून वर येताना दुसऱ्या गिअरला काटा पुन्हा चढला. या वेळी खरोखरचं तापतंय, रेडिएटरजवळ धग जाणवते. इथले मिस्त्री म्हणतात थर्मोस्टॅट काढून टाका.

जिंतूर_रोड

काढून टाका दादा. आमच्या भागातल्या निम्म्या गाड्यांना थर्मोस्टॅट नाही. उन्हाळ्यात त्याचा उपयोग काय? थंडी कुठे आहे आपल्याकडे?

चिकलठाणा_काका

भाऊ, रागावू नका, पण हा सल्ला गाडीचं वाटोळं करतो. बऱ्याच डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. तापल्यावर रेडिएटरकडचा रस्ता उघडतो आणि त्याच वेळी बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनमध्ये परत फिरतं. सपाट रस्त्यावर गाडी थंड राहिल्यासारखी वाटते, घाटात मात्र आणखी तापते. शिवाय थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, ऑईल खराब होतं, सिलिंडरचे लायनर झिजतात.

थर्मोस्टॅटची शंका असेल तर तो काढून पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडा. बहुतेक ८० अंशांच्या आसपास उघडायला लागतात, नेमका आकडा त्यावर कोरलेला असतो. उघडला नाही तर नवा टाका. किंमत फार नाही.

गोदाकाठ, तुमच्याकडे माझा संशय रेडिएटरवर आहे. पाणी कुठलं घालता?

पैठण_गोदाकाठ

आधीचे मालक शेतातल्या बोअरचं घालायचे. कूलंट कधी दिसला नाही.

चिकलठाणा_काका

मग झालं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. भांड्यात, गिझरच्या कॉईलवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या पाण्याच्या वाटांत बसतो. तो उष्णता धरून ठेवतो आणि नळ्याही बुजवतो.

गाडी चांगली तापवा, बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं रेडिएटरच्या जाळीवर वरपासून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे मोजत जा. वरून खाली तापमान हळूहळू कमी होत गेलं पाहिजे. मधेच एखादा पट्टा बराच थंड लागला तर त्या नळ्या बुजल्यात, तिथून पाणी जातच नाही. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाक्या उघडून नळ्या आतून साफ करून देतो. ॲल्युमिनिअमचा असेल तर ॲसिड घालू देऊ नका, नवा घेतलेला बरा.

त्याच वेळी बाहेरची जाळीही धुवा. काळ्या मातीची धूळ, कापसाची बोंडरं, कुसळं, सगळं तिथे अडकतं. इंजिनच्या बाजूनं पुढे पाणी मारायचं, समोरून मारलं तर घाण आणखी आत बसते. पाईप कमी प्रेशरचा, नाहीतर पाकळ्या वाकतात.

रेडिएटरचं झाकण विसरू नका. आतलं रबर तडकलं असेल तर प्रेशर टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. फॅनचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघा, लांब बाजूला साधारण १० ते १२ मिमी दबला पाहिजे. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून थेंब पडत असतील तर पंप बदला. सगळं झालं की कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद, केबिनचा हीटर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. बाजूला घेतली तर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं फिरू द्या. पट्टाच तुटला असेल किंवा पाणी वाहून गेलं असेल तर मात्र ताबडतोब बंद. आणि गरम झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. त्यात किती जणांचे हात आणि तोंडं भाजलेली मी पाहिलीत.

लातूरकर_भाऊ

अजून एक. गाडी पावसाळाभर उभी होती तर डिझेलच्या टाकीत पाणी झालं असंल. फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून पाणी काढा. नंतर गाडी चालू होऊन बंद पडूलाली तर हवा घुसली समजा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सोडा, हँड प्रायमर मारत राहा, बुडबुडे संपून निखळ डिझेल येईस्तोवर. धुराकडंबी बघा. काळा असंल तर एअर फिल्टर नाहीतर नोझल. निळा असंल तर ऑईल जळतंय. पांढरा असंल आणि पाणीबी कमी होत असंल तर हेड गॅसकेट.

गंगाखेडची_सौरताई

गॅसबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, आई बरोबर आहे तुमच्या.

सिलिंडर आतल्या कप्प्यात असेल तर त्या कप्प्याचं दार घट्ट बसलं पाहिजे आणि कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर जमिनीलगत साचतो, वरच्या खिडकीतून जात नाही. उभ्या गाडीत ही भोकं कुंभारीण माशी मातीनं लिंपून टाकते. शेगडीच्या बर्नरमध्ये आणि हवेच्या जाळीतही तिची घरटी सापडतात, मग ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी. तारेनं सगळं साफ करा. रबरी नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर फेका. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी पेटवून कधीच नाही. शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी, आणि झोपताना रेग्युलेटर बंद. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावलात तर माझा जीव शांत होईल.

बाहेरून २३० व्होल्टची वायर घेत असाल तर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) लावा. पत्र्याची गाडी, ओली जमीन, अनवाणी पाय.

बालाघाट_डिझेल

निघण्याआधी पाण्याची टाकी, सिलिंडर, सामान, माणसं सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्या. साखर कारखान्याजवळ किंवा जिनिंगजवळ मिळतोच. पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून घ्या. चॅसीच्या प्लेटवर लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. ओटा, टाकी आणि बॅटरी एकाच बाजूला बसवल्या असतील तर त्या बाजूचा पाटा (स्प्रिंग) बसलेला दिसेल.

टायरची नक्षी बघून भुलू नका, कॅरॅव्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार अंक असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. बाजूला भेगा असतील तर नक्षी पूर्ण असली तरी बदला. मागच्या जोडटायरांमधल्या आतल्याची हवा कुणी बघत नाही, तीही बघा.

पैठण_गोदाकाठ

रेडिएटर उघडला. खालच्या बाजूच्या नळ्या पांढऱ्या थरानं बुजलेल्या होत्या, जवळजवळ तिसरा हिस्सा. साफ करून, नवं झाकण आणि कूलंट टाकून औट्रम घाट पुन्हा चढलो, काटा मधल्या रेषेच्या वर गेला नाही. थर्मोस्टॅट पातेल्यात तपासून परत बसवला. कुंभारणीची घरटी दोन्ही बर्नरमध्ये निघाली, ताई.

एकच राहिलं. घाट उतरताना ब्रेक लागतो, पण पेडल दगडासारखं कडक. पाय पूर्ण जोर लावून दाबावा लागतो. ब्रेक ऑईल भरलेलं आहे.

चिकलठाणा_काका

याच्यावर काम झाल्याशिवाय निघू नका. मांजरसुंब्याचा घाट परतताना उतरायचा आहे, बरोबर वयस्कर माणूस आहे.

कडक पेडल म्हणजे बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) व्हॅक्यूम मिळत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे उरलेलं व्हॅक्यूम संपेल. मग पाय पेडलवर दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर डिझेलमध्ये व्हॅक्यूम पंप बहुधा डायनमोच्या मागेच असतो, तिथून बूस्टरपर्यंतची रबरी नळी हातानं चाचपत जा. क्लॅम्पखाली चीर असते, वरून दिसत नाही. नळी चांगली असेल तर मधला एकदिशा व्हॉल्व्ह काढून तोंडानं फुंकून बघा, हवा एकाच बाजूनं जायला हवी. मग पंप, आणि सगळ्यात शेवटी बूस्टर. ब्रेक ऑईल किती जुनं आहे माहीत नसेल तर तेही पूर्ण बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि लांब उतारावर तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पेडल एकदम तळाला जातं.

पैठण_गोदाकाठ

नळीच होती, काका. डायनमोकडच्या क्लॅम्पखाली अर्धी कापलेली. नवी टाकली, ब्रेक ऑईल चारही चाकांना बदललं. इंजिन चालू केलं की पेडल आता खाली जातं. मागच्या डाव्या ड्रमजवळ थोडी ओल दिसतेय, व्हील सिलिंडर उघडून बघतो. तो कोरडा निघाला की सोमवारी पहाटे निघू.

चिकलठाणा_काका

ओल असेल तर नुसतं रबराचं किट नको, सिलिंडरच नवा टाका, आणि दोन्ही बाजूंचे. ब्रेकच्या लायनरला ऑईल लागलं असेल तर तेही जोडीनं बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढेल. तुळजापूरहून परतलात की वजनकाट्याचे आकडे इथे टाका, पाट्यांचं मग बघू.